पंधरावी टाचणी

"एकदा शिवलेलं पुन्हा उसवायचं कशाला?" असं माझे मेहुणे म्हणाले, आणि माझी ताई म्हणाली, "शिवणाऱ्यानेच परत बोलावलंय, मी नाही बोलावलं."

हे भांडण मी पडद्याआडून ऐकलं. ऐकायचं म्हणून नव्हे. मी वाटाणे सोलत बसले होते, आणि त्या घरात खोल्या दोन, मधे एक पडदा. कान काही काढून ताटात ठेवता येत नाहीत. माझ्या शेजारी बसून त्यांची नऊ वर्षांची लेकही वाटाणे सोलत होती, आणि भांडण नेमकं तिच्याच ओठावरून चाललं होतं.

ही माझी भाची जन्मली तेव्हा तिचा वरचा ओठ डाव्या बाजूला नाकपुडीपर्यंत दुभंगलेला होता. चार महिन्यांची असताना दवाखान्यातल्या सर्जनने तो शिवला. शिवण झकास बसली. दूध प्यायला लागली, गाल धरले, हसायला लागली. पण दोन गोष्टी मागे उरल्या होत्या. एक म्हणजे ओठाच्या कडेला गव्हाच्या दाण्याएवढी खाच. आणि दुसरं, आत वरच्या हिरडीत एक बारीक भोक, बाहेरून कुणाला न दिसणारं. सर्जनने तेव्हाच कार्डावर लिहून दिलं होतं, की मुलगी नऊ वर्षांची झाली की परत आणा. कमरेच्या हाडाचा थोडा चुरा काढून हिरडी भरू, आणि ओठही तेव्हाच नीट करून टाकू.

तर ती नऊ वर्षांची झाली होती आणि ताईने कार्ड काढलं होतं.

मेहुणे वेल्डर. पाण्याच्या टाक्या, फाटकं, जिन्याचे कठडे करायचे. दिवसभर ठिणग्यांत बसणारा माणूस, पण पहिल्या ऑपरेशनच्या वेळी पोरीच्या तोंडाला लागलेलं रक्त पाहिलं आणि दवाखान्याच्या दारातच खाली बसले. दोघांनी धरून उठवावं लागलं.

"दिवसभर लोखंड जोडता," ताई म्हणत होती, "आणि पोरीचं जोडकाम म्हटलं की पाय गळतात तुमचे."

"लोखंड रडत नाही."

"ती चार महिन्यांची होती. रडणार नाही तर काय गाणार?"

"आता तिला कळतं. आता ती माझ्याकडे बघून रडेल. तू ने, मी येणार नाही. आणि मी येणार नाही, तर तीही जाणार नाही."

 थोड्या वेळाने नाक ओढल्याचा आवाज आला. पोरीने हातातली शेंग खाली ठेवली.

"मावशी, बाबा रडतायत?"

"कांदा कापत असतील."

"बाबा कधी कांदा कापत नाहीत."

ती उठली, पडदा सारून आत गेली आणि म्हणाली, "मला नाही जायचं. मला काही दुखत नाही." एवढंच. परत आली आणि वाटाणे सोलायला लागली. भांडण संपलं. नऊ वर्षांच्या पोरीने दोन मोठ्या माणसांचं भांडण असं मिटवलेलं मी त्याआधीही पाहिलं नव्हतं, नंतरही नाही.

पडदा नीट लागला नव्हता. फटीतून मला दिसलं, की ताई पाठमोरी झाल्यावर मेहुण्यांनी ते कार्ड उचललं आणि भिंतीवरच्या आरशामागे सरकवलं. पुढे ताईने कार्डासाठी घर पालथं घातलं. मला विचारलं. मी कानावर हात ठेवले. का, ते विचाराल तर आजही सांगता येत नाही. कदाचित मेहुणे रडल्याचं मी ऐकलं होतं, म्हणून असेल.

पोरगी मोठी झाली. आईच्या पायमशीनवर शिवायला शिकली आणि वीस वर्षांची असताना मोठ्या दवाखान्याच्या शिवणखात्यात लागली. तिचं लग्न ठरलं नाही असं लोक म्हणतात. तिने ठरवलं नाही असं मी म्हणते. विचारणारे दोघेजण मला ठाऊक आहेत, आणि त्यांतला एक तर बरा होता.

दवाखान्याचं शिवणखातं तळघरात. खिडक्या छताला लागून, त्यांतून बाहेरची नुसती पावलं दिसायची. चपला बघून माणूस ओळखायला तिथे सगळे शिकले होते. सहा मशिनी, मधे कापडं बेतायचं लांब टेबल, एका भिंतीला रॅक, आणि रॅकवर हिरव्या कापडाचे तागे. तिथे रोग्यांचे सदरे शिवायचे, डॉक्टरांचे गाऊन, टोप्या, आणि सगळ्यात जोखमीचं काम म्हणजे थिएटरच्या चादरी. त्या चादरीला मधे खिडकी असते. रोग्याला सगळं झाकायचं आणि जिथे कापायचं तेवढंच उघडं ठेवायचं. त्या खिडकीची कड चारी बाजूंनी दुमडून, टाचून, दुहेरी टीप मारायची. धागा सुटता कामा नये.

आणि टाचणी राहता कामा नये. माझी भाची लागायच्या आधी कधीतरी एक टाचणी चादरीच्या दुमडीत राहून वर गेली होती आणि भर ऑपरेशनमध्ये मदतनिसाच्या बोटात घुसली होती. तेव्हापासून शिवणखात्याच्या मास्तरांनी नियम केला, की सकाळी प्रत्येकाला मोजून पंधरा टाचण्या, संध्याकाळी मोजून पंधरा परत. शिवाय वर थिएटरच्या दारात सिस्टर प्रत्येक गाठोड्यावरून भलंमोठं चुंबक फिरवायच्या. मगच गाठोडं आत, धुवायला आणि वाफवायला.

बाकीचे शिंपी टाचण्या बशीत ठेवत, उशीला टोचत, कॉलरला लावत. संध्याकाळ झाली की टेबलाखाली रांगत. माझी भाची टाचण्या ओठांत धरायची. सात उजवीकडे, सात डावीकडे, आणि पंधरावी त्या खाचेत. खाच जणू त्या टाचणीच्या मापाची बेतलेली. पहिली बाहेर पडायची ती खाचेतली आणि सगळ्यांत शेवटी घरी यायची तीही खाचेतलीच. कापडातून एकेक टाचणी काढून परत ओठांत. खाच भरली की गाठोडं बांधायचं. मोजायची गरजच नाही, ओठच सांगायचा.

दिवसभर तोंडात टाचण्या, म्हणून बोलणं नाही. मास्तरांनी पहिल्याच आठवड्यात नाव ठेवलं, मौनीबाई. संध्याकाळी टाचण्या परत केल्यावर ती जे बोलायला लागली, ते ऐकून मास्तर म्हणाले, "नाव चुकलं माझं. पण आता राहू दे." ते राहिलंच. आता घरातही तिला मौनी म्हणतात.

सहा-सात वर्षांनी थिएटरच्या सिस्टरने तिच्या गाठोड्यावरून चुंबक फिरवणं बंद केलं. "मौनीबाईंचं आहे ना, जाऊ दे आत." हे तिने मला सांगितलं तेव्हा बटाटे सोलताना सांगावं तसं सांगितलं, पण बटाटा तोच पुन्हा सोलत होती.

हे झालं अभिमानाचं. आता दुसरी गोष्ट. चार वाजता शिवणखात्यात चहा यायचा. मशिनी थांबायच्या, सगळे टेबलाभोवती जमायचे. आणि बरोबर चार वाजता मौनीला रॅकच्या मागे काहीतरी शोधायचं असायचं. आपला कप घेऊन ती तिथे जायची, भिंतीकडे तोंड करून, मान उजवीकडे कलती, डाव्या नाकपुडीवर बोट. कारण हिरडीतलं भोक. चहा घोटभर घेतला की त्यातला थोडा नाकातून बाहेर. पाण्याचंही तेच. एकवीस वर्षं ती कुणासमोर काही प्यायली नाही. लोकांना वाटायचं, बाईंना फार शिष्टपणा. घरी आली तरी चहा उभ्याने, आमच्याकडे पाठ करून. आम्हाला त्याची इतकी सवय झाली होती की आम्ही विचारायचंही सोडलं होतं. सवय झाली नव्हती ती फक्त मेहुण्यांना. ते विचारायचे नाहीत, पण ती चहा घेऊन वळली की त्यांचा स्वतःचा कप तसाच निवायचा.

ती एक्केचाळीसची झाली तेव्हा त्या भोकाशेजारचे दोन दात हलायला लागले. दातांच्या डॉक्टरने सांगितलं, की खाली हाड नाही, दात कशाच्या जिवावर राहणार. हे तिने घरी सहज सांगितलं. दुसऱ्या दिवशी मेहुण्यांनी, तेव्हा सत्तर वर्षांचे, स्टुलावर चढून आरसा उतरवला. ताई ओरडली, पडाल म्हणून. त्यांनी आरसा पलटला, मागून पिवळं पडलेलं कार्ड काढलं आणि मौनीच्या मांडीवर ठेवलं.

"मी लपवलं होतं," ते म्हणाले. "मला वाटलं, तुला एका दुखण्यातून वाचवलं. पण तू रोज भिंतीकडे तोंड करून चहा पितेस. ते मी केलंय."

ताई बत्तीस वर्षं ज्या कार्डासाठी नवऱ्यावर संशय घेत होती, ते समोर आल्यावर तिने आधी रिकाम्या भिंतीकडे बघितलं. मग म्हणाली, "आरशाचा खिळा वाकवलात."

कार्ड घेऊन मौनी आणि मी दवाखान्यात वरच्या मजल्यावर गेलो. सर्जन बाई होत्या, माझ्या धाकट्या सुनेच्या वयाच्या. कार्ड उलटसुलट पाहिलं आणि म्हणाल्या, "तारखेला बत्तीस वर्षं झाली."

"गर्दी होती," मौनी म्हणाली.

बाई हसल्या. मग तोंडात बॅटरी मारून नीट पाहिलं. म्हणाल्या, लहानपणी झालं असतं तर सोपं गेलं असतं, पण अजूनही होईल. कमरेतलं हाड हिरडीत भरू, भोक बंद होईल, दातही बहुतेक टिकतील. चहा समोरासमोर बसून प्याल.

"हिरडीचं करा," मौनी म्हणाली. "ओठाला हात लावू नका."

"तसं कसं? ओठ आतून हिरडीला ओढला गेलाय. म्हणूनच तर ती खाच आहे. हिरडी मिटवायची तर ओठ सोडवून नीट लावावाच लागेल. खाच राहणार नाही. उलट चांगलं दिसेल."

"दिसण्याचं सोडा. मला ती कामाला लागते."

बाईंना वाटलं, ही गंमत करते आहे. मग मौनीने पिशवीतून घरच्या पंधरा टाचण्यांची डबी काढली आणि टाचण्या एकेक करून ओठांत लावून दाखवल्या. शेवटची खाचेत. बाईंनी खुर्ची मागे सरकवली आणि बॅटरी परत पेटवून ती खाच जवळून पाहिली.

"हे मला कुठल्या पुस्तकात शिकवलं नव्हतं," त्या म्हणाल्या. "पण खोटं नाही सांगणार. खाच जाईल, आणि ओठ काही महिने बधिरही राहील. ठरवा आणि या."

आम्ही खाली बाकावर येऊन बसलो. मौनी एरवी बोलकी, पण त्या दिवशी नावाला जागली. तिच्या मनात काय चाललं होतं ते मला दिसत होतं. एका पारड्यात चारचौघांत बसून प्यायचा चहा. दुसऱ्यात एकवीस वर्षांत एकही टाचणी वर न गेलेली तिची ती गाठोडी. त्या ओठाला लोक व्यंग म्हणायचे, आणि तिने त्याचं हत्यार केलं होतं. ते आता काढून द्यायचं होतं.

तिथून जाणाऱ्या मास्तरांना तिने विचारलं तर ते म्हणाले, "मी बशी देतो ना."

"बशी मोजते का?"

"मग चुंबक आहे वर."

"तेच तर. माझ्या गाठोड्यावर ते फिरवत नाहीत," मौनी म्हणाली. मास्तर मान हलवत कामाला गेले.

मला वाटलं, आता आपलं पोटातलं बाहेर काढावं. मी तिला सांगितलं, की कार्ड आरशामागे आहे हे मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं, आणि मी बोलले नाही.

तिने माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. "मलाही माहीत होतं, मावशी. रोज त्याच आरशात वेणी घालायचे मी. कोपरा दिसायचा बाहेर."

मी म्हटलं, "मग काढलं का नाहीस?"

"मी काढून काय उपयोग? बाबांनी काढायला हवं होतं." मग उठली, साडी झटकली. "आता त्यांनी काढलंय. मी नाही म्हटलं तर परत मागे ठेवतील. आणि या वेळी स्टुलावरून पडतील."

असं ठरलं ते. मोठे निर्णय लोक कसे घेतात मला माहीत नाही. आमच्याकडे असेच होतात.

ऑपरेशनच्या दिवशी मेहुणे सकाळपासून थिएटरबाहेर उभे. मी बाकावर जागा केली तर म्हणाले, "नको. मागच्या वेळी बसलो तेच चुकलं." साडेतीन तास उभे राहिले, भिंतीला पाठसुद्धा न टेकता. ताई मला हळूच म्हणाली, "पडले तर तू डावीकडून धर." पण नाही पडले.

सिस्टर बाहेर आल्या त्या हसतच. "तुमची भाची गुंगी चढेपर्यंत अंगावरच्या चादरीची कड चाचपत होती. म्हणाली, ही माझीच शिवण, कोपऱ्यात डबल टीप आहे. मग निवांत झोपली."

तिला बाहेर आणलं तेव्हा ओठ वांग्यासारखा सुजलेला. मेहुण्यांनी वाकून नीट बघितलं. रक्तही होतं थोडं. त्यांनी आपल्या रुमालाने कडेचं टिपलं आणि तो रुमाल खिशात घातला. ताईने तो पुढे कितीदा धुवायला मागितला, दिला नाही.

त्यानंतर दोन आठवडे पातळ जेवण, चार आठवडे सांभाळून. ऑपरेशन तोंडाचं आणि लंगडायची कमरेने. मास्तर भेटायला आले तर म्हणाले, "कुठलं ठिगळ कुठे लावलंय. आम्ही असं शिवलं असतं तर नोकरी गेली असती."

सहाव्या आठवड्यात सर्जन बाईंनी सांगितलं, आता सगळं प्या. त्या संध्याकाळी ताईने चहा केला. मौनी सवयीने कप घेऊन भिंतीकडे वळली, थांबली, आणि परत फिरून बाबांच्या समोर बसली. बोट नाकपुडीकडे गेलं होतं, ते तिने खाली आणलं. एक घोट घेतला.

आता मेहुण्यांची एक सवय सांगते. टाकी जोडून झाली की ते ती पाण्याने गच्च भरायचे आणि प्रत्येक सांध्यापाशी डोळे नेऊन बसायचे, कुठे घाम फुटतोय का ते बघत. गिऱ्हाईक कितीही घाई करो, अर्धा तास हलायचे नाहीत. तसेच ते लेकीच्या नाकाकडे बघत बसले. तिने दुसरा घोट घेतला. तिसरा. अख्खा कप संपला. तरी ते बघत होते.

"बाबा, झाला चहा."

"थांब थोडं." मग चष्मा काढला, पुसला, परत घातला. "नाही गळत," ते म्हणाले. "पक्का आहे सांधा." आणि आपला निवलेला कप उचलून एका दमात रिकामा केला.

आता खरी परीक्षा कामावरची. दोन महिन्यांनी ती शिवणखात्यात रुजू झाली. सर्जन बाईंनी बजावलं होतं, कापसाची धूळ आहे तिथे, तीन महिने तोंडाला मास्क लावूनच काम करा, आणि ओठांत टाचण्या मुळीच धरायच्या नाहीत. मास्तरांनी बशी दिली. मौनीने ती समोर ठेवली, आणि कामाचा पहिला दिवस चादरींचा आला. चाळीस चादरी.

संध्याकाळी गाठोडं बांधायच्या आधी तिने बशीतल्या टाचण्या मोजल्या. चौदा.

पुन्हा मोजल्या. टेबलाखाली रांगली, आयुष्यात पहिल्यांदा. मशीन उपडं केलं. चाळीसच्या चाळीस चादरी उघडून कडा बोटांनी चाचपल्या. मास्तर म्हणाले, "अगं, माझ्याकडे जास्तीच्या आहेत. एक घे, पंधरा कर, घरी जा. वर चुंबक फिरवतीलच." त्यांनी चांगल्या मनाने सांगितलं होतं. पण माझ्या भाचीच्या गाठोड्यावर वर चुंबक फिरवतच नव्हते, हे दोघांनाही ठाऊक होतं.

मौनीने गाठोडं उचललं आणि स्वतः वर गेली. थिएटरच्या दारात उभी राहून म्हणाली, "सिस्टर, हे आत घेऊ नका. माझी एक टाचणी हरवली आहे."

सिस्टरला आधी कळलंच नाही. मौनीबाईंची टाचणी हरवू शकते, हे तिच्या गावीही नव्हतं. मग चुंबक आणलं. दोघींनी जमिनीवर कापड पसरून एकेक चादर तपासली. दारातले मामा, जे आल्यागेल्याची नोंद करायचे, तेही खाली बसून मदतीला लागले. काही सापडलं नाही. मौनी म्हणाली, "पुन्हा फिरवा." पुन्हा फिरवलं. तेवढ्यात सर्जन बाई हात पुसत बाहेर आल्या आणि तीन माणसं जमिनीवर बघून थांबल्या.

"काय झालं?"

मौनीने सांगितलं. सांगताना मान खाली. बाईंना मास्कचं कापड डावीकडे जरा उचललेलं दिसलं. मग म्हणाल्या, "मास्क काढा जरा."

"टाके बरे आहेत बाई, ते नंतर बघा."

"काढा म्हणते ना."

मौनीने मास्क खाली ओढला. टाचणी तिच्या ओठांत होती. डाव्या बाजूला, जिथे खाच असायची त्याच जागी, आडवी, नीट धरलेली. एकवीस वर्षांच्या सवयीने हाताने मास्क उचलून पहिली टाचणी आपल्या घरी नेऊन ठेवली होती, आणि बधिर ओठाने तिला आल्याची वर्दीच दिली नव्हती. तिच्यानिशी ती दोन तास रांगली होती, जिना चढली होती, बोलली होती. तोंडभर टाचण्यांनी तिचं बोलणं अडायचं, एकीने नाही, त्यामुळे कुणाला आवाजातही फरक कळला नाही.

मामा पहिले हसले. मग सिस्टर. मौनीने टाचणी हातात घेतली, तिच्याकडे बघितलं, आणि तीही हसली. बाई मात्र हसत नव्हत्या. "मी तुम्हाला ओठांत टाचण्या धरू नका म्हणून सांगितलं होतं," त्या म्हणाल्या, पण रागवायला लागल्या आणि तोंड फिरवलं, त्यांनाही हसू आवरेना.

सिस्टर म्हणाली, "मौनीबाई, जी बाई स्वतः वर येऊन सांगते, तिच्या गाठोड्यावर मी पुढेही चुंबक फिरवायची नाही."

"फिरवायचं," मौनी म्हणाली. "आजपासून रोज फिरवायचं. माझा ओठ झोपलाय, आणि तो उठला तरी खाच नाही आता. मोजायला काहीतरी दुसरं करीन. तोवर तुम्ही आणि तुमचं चुंबक."

मला ही गोष्ट मामांनी सांगितली, तिने नाही. ऐकताना मला वाटलं, की एकवीस वर्षं टाचणी न हरवण्यापेक्षा हे मोठं. हरवली नाही ती ओठाची हुशारी. वर जाऊन सांगितलं ती हिची.

त्या आठवड्यात तिने हिरव्या कापडाचा, आत लोकर भरलेला एक पट्टा शिवला, मनगटावर बांधायचा. त्यावर दोऱ्याने पंधरा ठिपके भरले. चौदा पांढरे, एक लाल. प्रत्येक टाचणीला तिची जागा. लाल ठिपका सगळ्यात शेवटी भरायचा. मास्तरांनी तो आठ दिवस बघितला, नाक मुरडलं, आणि नवव्या दिवशी म्हणाले, "माझ्या मापाचा एक कर." आता खाली सगळ्यांच्या मनगटावर तसा पट्टा असतो. नवीन मुली लागल्या की त्यांना पहिल्या दिवशी तोच शिवायला देतात. लाल ठिपका का, ते त्यांना कुणी सांगत नाही, आणि त्या विचारतही नाहीत.

ओठ जागा व्हायला आठ महिने लागले. दात टिकले. मेहुणे त्यानंतर सहा वर्षं होते, आणि त्या सहा वर्षांत लेकीशिवाय संध्याकाळचा चहा त्यांनी घेतला नाही. तिला उशीर झाला तर ताई दोनदा चहा गरम करायची आणि दोघांच्या नावाने बोटं मोडायची.

आता मौनी अठ्ठावन्नची. गेल्या महिन्यात ती निवृत्त झाली. शेवटच्या दिवशी मला म्हणाली, "मावशी, चल बघायला, एवढी वर्षं नुसतं ऐकतेस." मी गेले. तळघरात मुलींनी फुलं आणली होती, मास्तर नाहीत आता, नवे साहेब चार शब्द बोलले. ती ऐकत होती, पण नजर घड्याळावर, कारण चादरी वर जायच्या होत्या.

भाषण संपताच तिने मनगट बघितलं, लाल ठिपका चाचपला, गाठोडं बांधलं आणि उचललं. एक मुलगी तिला म्हणाली, "मौनीबाई, आज आम्ही नेतो." ती म्हणाली, "तुझं उद्या." मी मागून जिना चढले, माझ्या गुडघ्यांना शिव्या देत.

वर दारात नव्या सिस्टर होत्या, मामा मात्र तेच. सिस्टरने गाठोड्यावरून चुंबक फिरवलं, या कडेपासून त्या कडेपर्यंत, पलटलं, पुन्हा फिरवलं. काही लागलं नाही. गाठोडं आत गेलं. मामांनी वहीत लिहिलं आणि थर्मासमधून चहा ओतला, एक तिला, एक स्वतःला, आणि पाहुणी म्हणून एक मला. मौनी दाराला टेकून, जाणाऱ्या-येणाऱ्यांकडे तोंड करून प्यायली, मामांशी त्यांच्या नातीच्या परीक्षेबद्दल बोलत. कप संपला तसा नळाखाली विसळून उपडा ठेवला, गाठोड्याचं रिकामं फडकं सिस्टरकडून घेतलं, चार घड्या करून काखेत मारलं, आणि "येते मामा" म्हणून जिना उतरायला लागली.